तीन महिने गोळी न घेतलेला माणूस

माझ्या टेबलावर आजवर पेढ्यांचा खोका आला आहे, मधाची बाटली आली आहे, शाळेतल्या मुलाची कंपासपेटी आली आहे. एकदा एका निवृत्त अधिकाऱ्यांनी कडीने जोडलेला तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आणला होता. कप्प्यांवर सोमवार, मंगळवार, बुधवार अशा चिठ्ठ्या होत्या आणि खालच्या कप्प्याला त्यांनी रबरी वॉशरही बसवला होता. या सगळ्यांतून जे आलं ते एकच. घरात आपण त्याचं नाव घेत नाही, लॅबमध्ये आम्ही त्याला स्टूल म्हणतो.

नाशिकच्या एका खासगी इस्पितळात सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात मी तंत्रज्ञ आहे. वय चोपन्न. राहतो नाशिकरोडला. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, तिथे ते राखेचा हिशेब ठेवत. "सासऱ्यांनी कोळशाची राख मोजली, तुम्ही माणसाची मोजता," असं घरी बायको म्हणते. तिला मी कधी उलट उत्तर दिलेलं नाही, कारण ते खरं आहे.

लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणी विचारलं, की मी "लॅबमध्ये असतो" एवढंच सांगतो. पुढे विचारणाऱ्याचं जेवण व्हायचं असतं. पण इथे वाचणाऱ्यांचा फराळ झालेला असेल असं धरून मोकळेपणाने लिहितो.

आपल्या शरीरात जेवढ्या आपल्या पेशी आहेत, साधारण तेवढेच जिवाणू आपल्यात राहतात. बहुतेक मोठ्या आतड्यात. सगळे गोळा करून वजन केलं तर दोन-अडीचशे ग्रॅम भरतील, म्हणजे एका वाटीतल्या दह्याएवढे. जन्माच्या वेळी आईकडून त्यांची पहिली तुकडी मिळते, मग दुधातून, मातीतून, घरातल्या माणसांच्या हातातून. ते आपल्याला न पचणारा चोथा पचवतात, काही जीवनसत्त्वं बनवतात, आतड्याच्या अस्तराला धरून ठेवतात. सगळ्यात मोठं काम म्हणजे ते जागा अडवून बसतात. बाहेरचा वाईट जंतू आला तर त्याला बसायला जागाच मिळत नाही. मधुमेह, वजन, सांधे, मनाचा कल, या सगळ्यांशी त्यांचा संबंध जोडला जातो. त्यातलं थोडं ठरलं आहे, बरंच ठरायचं आहे. दुकानात बाटल्या विकणाऱ्यांना मात्र सगळं ठरलेलं दिसतं.

अँटिबायोटिक घेतलं की रोगाच्या जंतूंबरोबर हेही मरतात. बहुतेकांचे काही आठवड्यांत परत येतात. काहींचे येत नाहीत. मग त्या मोकळ्या जागेत एक जंतू माजतो, आम्ही त्याला सी-डिफ म्हणतो. तो विष सोडतो, आतड्याला सूज येते, माणूस दिवसातून पंधरा-पंधरा वेळा संडासला पळतो. त्यावर खास औषध आहे, पण तेही शेवटी अँटिबायोटिकच. त्याने तो दबतो, औषध थांबलं की काहींच्यात परत उठतो. अशांसाठी एक उपाय आहे, तो ऐकायला विचित्र वाटतो. निरोगी माणसाचं ताजं स्टूल घ्यायचं, मिठाच्या पाण्यात घुसळायचं, गाळायचं, आणि दुर्बिणीच्या नळीतून रोग्याच्या आतड्यात सोडायचं. आतली वस्तीच नव्याने वसवायची.

घुसळायचं आणि गाळायचं काम माझं.

आमच्याकडे हा उपचार सुरू झाला तेव्हा त्यासाठी वेगळं यंत्र नव्हतं. मेनरोडवरून घरगुती मिक्सर आणला. खरेदीला बायको बरोबर होती. दुकानदाराने विचारलं, "चटणीचं भांडं मोठं देऊ की लहान?" बायको म्हणाली, "काहीही द्या, आमच्या घरी हा येणार नाही." त्या दुकानाकडे ती अजून फिरकत नाही.

पन्नास ग्रॅम स्टूल, अडीचशे मिली सलाईन, दोन मिनिटं मिक्सर, मग गॉजच्या चार पदरांतून गाळणं, मग मोठ्या सिरिंजा भरणं. सॅम्पल आल्यापासून सहा तासांत रोग्याच्या पोटात जायला हवं, कारण यातले बरेचसे जिवाणू हवा सहन करू शकत नाहीत. वास येतो का, असं सगळे विचारतात. येतो. पण सी-डिफच्या रोग्याच्या वासापेक्षा निरोगी माणसाचा वास बरा, हे मी शपथेवर सांगू शकतो. पहिल्या रोग्यांपैकी निफाडच्या एका द्राक्षबागायतदाराला त्याच्या मेव्हण्याचं दिलं होतं. बरा होऊन जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, एक विचारू का? मेव्हणा लय घोरतो. ते काय येणार नाय ना माझ्यात?" मी म्हटलं, नाही येणार. महिन्याने त्याच्या बायकोचा फोन आला, की आलंय.

हे हसण्यावारी झालं. आता प्रमिलाताईंचं लिहितो.

त्या चांदवडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका होत्या. पन्नाशीच्या आसपास, अंगाने बारीक, बोलणं स्पष्ट. दाढेला गळू झालं म्हणून अँटिबायोटिकचा पहिला कोर्स. तो निम्मा राहिला, कारण ठणका थांबला होता. मग लघवीला जळजळ म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचा दुसरा. मग ताप आला म्हणून तिसऱ्यांचा तिसरा. जुलाब सुरू झाले तेव्हा जुलाबावरही तेच. आमच्याकडे आल्या तेव्हा सी-डिफ होता. खास औषधाने त्या बऱ्या झाल्या आणि घरी गेल्या. परत आल्या. परत बऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातावर शीर सापडत नव्हती.

रक्त घ्यायला वर गेलो की त्या विचारायच्या, "आज किती आलं?" म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा. मी खरा सांगायचो. त्या तो वहीत लिहायच्या आणि मान हलवायच्या. वर्गातल्या एखाद्या मुलाचे गुण परत कमी आल्यासारखी.

आमच्या पोटविकारांच्या डॉक्टर, आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणतो, त्यांनी स्टूलचं प्रत्यारोपण ठरवलं. आता दाता शोधायचा. त्याच्या अटी बऱ्याच आहेत, पण सगळे अडकतात ते पहिल्याच अटीवर. गेल्या तीन महिन्यांत एकही अँटिबायोटिक घेतलेलं नको.

वॉर्डाबाहेरच्या बाकांवर ताईंची माणसं बसलेली असायची. यजमान, कॉलेजात जाणारी मुलगी, दीर, जाऊ, आणि एका टोकाला, सगळ्यांपासून एक जागा सोडून, ताईंचा धाकटा भाऊ रंगनाथ. तो मखमलाबादकडचा. मेथी, कोथिंबीर, पालक लावतो आणि स्वतःच मार्केटला नेतो.

मी एकेकाला विचारत गेलो. यजमानांना खोकला झाला होता, कॅप्सूल झाल्या होत्या. मुलगी चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी रोज एक गोळी घेत होती आणि ती अँटिबायोटिक असते हे तिला माहीत नव्हतं. जाऊबाईंच्या पायाला जखम झाली होती. दीर ठामपणे म्हणाले, "मी कधीच घेत नाही." थोडं थांबून म्हणाले, "कांदा चाळीत भरताना छाती भरली होती, तेव्हा पाच घेतल्या. त्या धरायच्या का?"

"धरायच्या."

रंगनाथ म्हणाला, "मला काय होतच नाय साहेब. बायको म्हणते, दगड हाय."

मी माझ्या कामाच्या हिशेबाने सांगतो, की असा माणूस आता सापडत नाही. मी आमच्या लॅबमध्ये विचारून पाहिलं होतं. सर्दीला, दातदुखीला, प्रवासाच्या आधी, लग्नाच्या आधी, प्रत्येकाने काही ना काही घेतलेलं. मीही. रंगनाथ त्या बाकावरचा एकटा दगड होता आणि आम्हाला तोच हवा होता.

त्याच्या तपासण्या झाल्या. रक्ताच्या, स्टूलच्या. काही मुंबईला पाठवाव्या लागल्या, त्यात आठवडा जातो. सगळं स्वच्छ निघालं. पर्यायी दाता नव्हता, पण इतका चांगला अहवाल आल्यावर त्याची काळजी कुणी केली नाही.

अहवाल सांगायला आणि सॅम्पलचा डबा द्यायला मी वर गेलो. उपचाराला अजून चार दिवस होते, ताईंचं खास औषध थांबवून मध्ये थोडी जागा सोडायची असते. सगळे बाकांवरच होते. दीर मोठ्याने म्हणाले, "वा रंगनाथभाऊ, आजपर्यंत माहेराहून भाजीची जुडी यायची. आता एवढंच यायचं राहिलं होतं."

यजमानही हसले. चार आठवडे इस्पितळात काढलेल्या माणसांचं हसू ते, त्यात फार वाईट काही नव्हतं.

जाऊबाई हसल्या नाहीत. "चेष्टा नको. घाण ती घाण. किती जंतू असतील त्यात. एवढीशी झालीय ती, सोसेल का तिला?"

रंगनाथने वर पाहिलं नाही. डबा त्याने मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. मी त्याला समजावलं, की यातले जंतूच औषध आहेत, तेच तर हवेत. त्याने मान हलवली. मी सांगितलं, "या चार दिवसांत ताप आला, सर्दी झाली, पोट बिघडलं, तर कुठलीही गोळी घ्यायची नाही. आधी मला फोन."

"आजारी पडलो तर गोळी नाय. आधी फोन," त्याने म्हणून दाखवलं.

त्या माणसाबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली. त्याच्या घरून बहिणीकडे भाजी जायची ती मार्केटला जाते तशी नव्हे. मुळं तीनदा धुतलेली, पिवळं पान काढलेलं, जुडी ओल्या फडक्यात. आईने लावलेली शिस्त. लेकीच्या सासरी जे जाईल त्यावर कुणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये. ताईंच्या सासरी एकदा मेथीत अळी निघाली होती, तो विषय पंधरा वर्षांनीही निघायचा.

उपचाराच्या सकाळी रंगनाथ सातच्या आधीच लॅबच्या खिडकीशी उभा होता. अंघोळ केलेली, कपाळाला बुक्का, अंगात इस्त्रीचा शर्ट. डबा त्याने पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणला होता. मी मिक्सरचं भांडं उकळून ठेवलं होतं, सलाईन कोमट केलं होतं. वर ताईंना नळीच्या तयारीसाठी नेलं होतं.

डबा घेताना मी नेहमी परत विचारतो. सवय आहे.

"पोट कसं आहे?"

"एकदम साफ."

"ताप, सर्दी?"

"काय नाय."

"गोळीबिळी?"

"आजारासाठी नाय घेतली," तो म्हणाला. मग जरा पुढे वाकला. बरं काम केलेला माणूस सांगतो तसं सांगू लागला. "एकदम स्वच्छ आणलंय साहेब. मी म्हटलं, लोक जंतू जंतू करत्यात, तर जंतू मारूनच न्यावं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली. आज सकाळची पण घेतली."

"कुठली गोळी?"

त्याने खिशातून रिकामी पट्टी काढली. सरळ केली आणि खिडकीतून माझ्याकडे सरकवली.

"ताईचे कपडे आणायला घरी गेलो, तिथं तिच्याच कपाटात होती. दाढेच्या वेळची, उरलेली. म्हटलं नवीन कशाला."

मी पट्टीवरचं नाव वाचलं. परत वाचलं. ताईंच्या पोटातली वस्ती ज्याने पहिल्यांदा मोडली तेच ते औषध होतं. डबा माझ्या हातात होता, कोमट. फडकं मी उलगडलं नाही.

"बसा जरा," म्हटलं, आणि जिना चढून मॅडमकडे गेलो.

मॅडमनी ऐकलं आणि हातमोजे काढून टेबलावर ठेवले. मी विचारलं, तरीही थोडंफार काही उरलं असेल का. त्या म्हणाल्या, "असेल. काय उरलं, काय मेलं, आणि त्या औषधाला दाद न देणारं काय वाढलं, हे तुम्हाला सांगता येईल का आत्ता?" नसतं आलं. "मग कशाच्या भरवशावर घालू तिच्यात?"

त्या स्वतः खाली आल्या आणि रंगनाथच्या शेजारी बाकावर बसल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं तेव्हा तो आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहत राहिला.

"पण मी आजारी नव्हतो," तो मला म्हणाला. "तुम्ही म्हणालात, आजारी पडलो तर."

हे त्याचं बरोबर होतं. आता आम्ही दात्याला सांगतो, की आजारी असा वा नसा. ते वाक्य रंगनाथचं आहे.

मॅडमनी मुंबईला फोन लावले. तिथल्या एका केंद्रात गोठवलेलं तयार सॅम्पल होतं. कागदपत्रं, परवानगी, गाडी, सगळं धरून दुसऱ्या दिवशी दुपारी मिळेल असं ठरलं. तोवर खास औषध परत सुरू केलं. दुपारी मी रक्त घ्यायला गेलो तेव्हा ताईंनी विचारलं, "आता कधी हो?" मी म्हटलं, उद्या. त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराबाहेर रंगनाथ उभा होता, आत येत नव्हता.

"त्याला म्हणावं आत ये," ताई म्हणाल्या. "गोळीचं कळलंय मला. लहानपणी पण असाच. माझी पाटी धुवून देतो म्हणायचा आणि आतला अभ्यास पुसून टाकायचा."

मी बाहेर येऊन सांगितलं. तो आत गेला. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी रक्त घेऊन खाली आलो होतो आणि त्यातून निघालेला आकडा चांगला नव्हता.

पहाटे ताईंचं पोट फुगलं. सकाळी मोठं आतडं काढण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या टेबलावरून उतरल्या, पण शुद्धीवर आल्या नाहीत. दुपारी गेल्या.

मुंबईची गाडी ठरल्या वेळेला आली. चालकाने थर्माकोलची पेटी खिडकीत ठेवली, मी सही केली. झाकण उघडलं तर कोरड्या बर्फाचा पांढरा धूर टेबलावरून खाली उतरत होता आणि मध्ये बाटली, व्यवस्थित, लेबल सरळ लावलेली. असं सॅम्पल परत पाठवता येत नाही. मी ते त्या दिवशी नियमाप्रमाणे नष्ट केलं. एकतीस वर्षांत माझ्या हातून खूप काही नष्ट झालं आहे, ते कामच आहे. त्या बाटलीला मात्र मला वेळ लागला.

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, दहावं उरकल्यावर रंगनाथ आला. सासरी गेलेल्या बहिणीसाठी भाऊ सहसा केस काढत नाही, पण याने केस, दाढी सगळं काढलं होतं, म्हणून आधी मी ओळखलंच नाही. वाया गेलेल्या डब्याबदली दुसरा डबा द्यायला आला होता. नवा, धुतलेला. मी त्याला चहाच्या टपरीवर नेलं, कारण लॅबमध्ये बसायला जागा नाही.

त्याने चहाचा कप पुढे ओढला. मग म्हणाला, "ते नीट सांगा मला एकदा. काय झालं आतमध्ये."

मी सांगितलं. जागा अडवून बसणारे जिवाणू, त्यांनी जागा सोडली की येणारा जंतू, सगळं.

"म्हणजे तणनाशकच," तो म्हणाला. "ताईच्या रानात कुणीकुणी मारून ठेवलं. पीक गेलं, गाजरगवत माजलं. आणि तिला माझ्या रानातली माती पाहिजे होती."

"तसंच."

"तर मी माझ्यापण रानात मारलं."

मी कप खाली ठेवला. त्याने ज्यासाठी येणं केलं होतं ते आता विचारलं. "साहेब, खरं सांगा. नसत्या घेतल्या गोळ्या, तर वाचली असती?"

मी आयुष्यभर न मोजलेला आकडा कधी लिहिला नाही. बहुतेक रोग्यांना याने बरं वाटतं हे मला माहीत होतं. ताई बहुतेकांत आल्या असत्या की उरलेल्यांत, हे माहीत नव्हतं. त्यांचं आतडं त्या सकाळी आधीच हाताबाहेर गेलं होतं का, तेही नाही. हे सगळं मी त्याला याच शब्दांत सांगितलं. शेवटी म्हटलं, "मला माहीत नाही, रंगनाथभाऊ. माहीत असतं तर सांगितलं असतं."

"म्हणजे वाचली असती," तो म्हणाला.

मी त्याला दुसरं काही सांगायला हवं होतं, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. नसती वाचली असं सरळ सांगायचं, तेवढं खोटं कुणाला लागत नाही, असं ती म्हणते. असेलही. मी त्या टपरीवर परत बसलो तरी मला ते येणार नाही.

पुढे पावसाळ्यात आमच्याकडे एक मोठा फ्रीझर आला, उणे ऐंशी अंशांचा. मॅडमनी व्यवस्थापनाच्या मागे लागून मिळवला. दात्यांचं सॅम्पल आधीच घेऊन गोठवून ठेवायचं, म्हणजे कुणाला गाडीची वाट पाहायला नको. फ्रीझर आला, पण दाते नव्हते. आम्ही कॉलेजात जाऊन भाषणं दिली. मुलं टाळ्या वाजवायची, फोटो काढायची, आणि तीन महिन्यांच्या प्रश्नावर माना खाली घालायची.

अशातच एका सकाळी रंगनाथ खिडकीशी उभा राहिला. पिशवीत मेथीच्या चार जुड्या होत्या.

"तीन महिने होऊन वर गेले," तो म्हणाला. "मध्ये दाढ दुखली. लवंग धरली. बायको डॉक्टरकडे ओढत होती, नाय गेलो. आता चालेल का?"

दाढ इतकी सुजलेली होती की बोलणं एका बाजूने येत होतं. मॅडमनी आधी त्याला दंतवैद्याकडे पाठवला. शेतकरी असो की मंत्री, दुखणं असं अंगावर काढायचं नाही, गरज असेल तेव्हा अँटिबायोटिकच घ्यायचं, त्याने माणसं वाचतात, हे त्यांनी त्याला खडसावून सांगितलं. दाढ काढली, सुदैवाने गोळीशिवाय भागलं. मग परत सगळ्या तपासण्या. परत सगळं उत्तम.

तेव्हापासून तो दर पंधरवड्याला येतो. मार्केटला भाजी टाकून, टेम्पो बाहेर लावून. दात्याचं नाव बाटलीवर नसतं, फक्त क्रमांक असतो. रोग्याला दाता कळत नाही, दात्याला रोगी कळत नाही. रंगनाथने एकदाच विचारलं होतं, "उपयोग होतो का?"

"चौघांना दिलं," मी सांगितलं. हे मोजलेलं होतं. "तिघं बरे होऊन घरी गेले. चौथ्याला पुन्हा एकदा द्यावं लागलं, मग तेही बरे होऊन घरी गेले."

त्याने बोटांवर चार मोजले आणि बोटं तशीच मिटून घेतली. "भाची फोन उचलत नाय अजून," तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझी ड्यूटी होती. बाह्यरुग्ण विभाग बंद, लॅबमध्ये मी एकटा. मिक्सर पुसून झाकून ठेवला होता, कारण सणाच्या दिवशी कुणी येणार नव्हतं. आठच्या सुमाराला खिडकीवर टकटक झाली.

रंगनाथ होता. नवा शर्ट, घड्या न मोडलेला. त्याचा वार पुढच्या आठवड्यात होता, हे मी त्याला सांगितलं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "दर वर्षी या टायमाला चांदवडला निघायचो. आज कुठं जायचं नव्हतं. म्हटलं इथं यावं."

त्याने डबा खिडकीत ठेवला. आज त्याला पांढरं फडकं नव्हतं.

मी नेहमीचं विचारलं. ताप, सर्दी, गोळी. त्याने नेहमीची उत्तरं दिली. मग डब्यावरचा हात काढायच्या आधी म्हणाला, "काय केलेलं नाय साहेब. जसं हाय तसं आणलंय."

मी डबा आत घेतला. मिक्सरवरचं झाकण काढलं, सलाईन कोमट करायला ठेवलं, आणि वजनकाटा शून्यावर आणला.